उरलेला एक

दिवाळी अंक हाती आला की घरातली माणसे आपापली पाने शोधतात. कोणी कथा उघडतो, कोणी कविता, आणि बहुतेक घरांतून सर्वांत आधी उघडले जाते ते वार्षिक राशिभविष्य. अशा अंकात एका संख्येविषयी निबंध लिहायला बसणे म्हणजे फराळाच्या ताटात पाटी-पेन्सिल वाढण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. पण ही संख्या गेली काही वर्षे माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तिच्या पाठीमागे उभा असलेला प्रश्नही जात नाही. तेव्हा चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचकांनी थोडा वेळ माझ्यापाशी बसावे.

संख्या अशी : ११,७७,३४५. अकरा लाख सत्त्याहत्तर हजार तीनशे पंचेचाळीस. २०११ च्या जनगणनेत आमच्या हिंगोली जिल्ह्यात मोजली गेलेली ही माणसे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला आमचा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. मोठ्या जिल्ह्यांच्या मानाने ही संख्या काही मोठी नव्हे. परंतु एकेक माणूस डोळ्यांपुढे आणून मोजायला बसलो, आणि दर माणसाला एकच सेकंद दिला, तरी रात्रंदिवस न थांबता तेरा दिवसांहून अधिक लागतील. माझ्या लेखी ती मोठीच आहे.

मी गणिताचा मास्तर नव्हे. मी शाळेत मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मॅट्रिकपलीकडची परीक्षा मी दिलेली नाही. पण भागाकार करायला मॅट्रिकचे गणित पुष्कळ झाले. एका पावसाळी संध्याकाळी वीज गेलेली असताना, कंदिलापाशी बसून मी या संख्येची पंगत मांडून पाहिली. समजा, सारा जिल्हा जेवायला आला आहे. दोन-दोन माणसे शेजारी बसवली. एक जण उरला. ते साहजिक होते, कारण संख्या विषम आहे. तीन-तीन बसवली, एक उरला. चार-चार बसवली, पुन्हा एक. पाच-पाचांची पंगत मात्र बरोबर बसली. सहा-सहांची मांडली तर एक उरला. साताची, आठाची, नवाची मांडली; दर खेपेला एकच जण पत्रावळीवाचून उभा.

आता मला गंमत वाटू लागली. सोळा-सोळांची मांडून पाहिली, बत्तीसांची पाहिली, चौसष्टांची पाहिली. एक उरतोच. थेट दोनशे छप्पनांच्या पंगतीपर्यंत दुपटीदुपटीने गेलो, तरी तो एक माणूस काही केल्या बसायला तयार नाही. कोण असेल हा? कादंबरीकाराचे मन असल्या वेळी भाजकांत रमत नाही. ते त्या उभ्या माणसाकडे पाहू लागते.

पाचाने भाग जातो म्हटल्यावर पुढेही पाहिले. पाचाने भागल्यावर येतात २,३५,४६९. त्याला सात लागत नाही, अकरा लागत नाही, तेरा लागतो आणि राहतात १८,११३. पुढे बराच वेळ काही सापडेना. सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस अशा मूळ संख्या एकामागून एक लावून पाहिल्या. कुठे दाद नाही. ही संख्या आता फुटतच नाही असे वाटू लागले तेव्हा एकोणसाठाने दार उघडले, आणि आत ३०७ बसलेले होते. म्हणजे आमचा जिल्हा असा उभा आहे : ५ × १३ × ५९ × ३०७. चारही मूळ संख्या, चारही निरनिराळ्या, कोणीही दुसऱ्यांदा आलेला नाही. यापलीकडे फोडता येत नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही प्रकाराने फोडता येत नाही. मी फोडले काय किंवा केंब्रिजच्या प्राध्यापकाने फोडले काय, हेच चार निघतील. असल्या ठाम गोष्टी माणसाच्या आयुष्यात फार थोड्या असतात.

इथपर्यंत गणित झाले. आता प्रश्न. संख्येला आपण जे गुण लावतो, ते तिचे असतात की आपले? आणि आपले असतील, तर ते लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हा प्रश्न मला ज्यांच्यामुळे पडला ते देवळालीचे एक शाळामास्तर. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५ चा. वडील कारकून, आणि त्यांना ज्योतिषाचा नाद. त्यामुळे आकड्यांची आकडेमोड मुलाच्या कानावरून लहानपणीच जात असली पाहिजे. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ साली ते बी.एस्सी. झाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवले. एम.ए. नाही, पीएच.डी. नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. शाळा सुटल्यावर संख्यांशी खेळणे हाच त्यांचा संसार. आपले शोध ते लहान लहान पुस्तिकांतून स्वतःच छापून काढीत. आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांनी त्यांना गांभीर्याने घेतले नाही. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर नावाच्या लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. १९८६ साली ते वारले.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध घरात बसून कोणालाही पडताळता येतो, आणि मुले जमली असतील तर अवश्य पडताळून पाहावा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलट लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा. आमच्या जिल्ह्याचे जन्मसाल घेऊ. ९९९१ मधून १९९९ वजा केले, ७९९२ आले. ९९७२ मधून २७९९ गेले, ७१७३ राहिले. मग ७७३१ वजा १३७७, म्हणजे ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ चे तेच करा : ७६४१ वजा १४६७, उत्तर ६१७४. गाडी शेवटच्या स्टेशनात आली. पुढे रूळ नाहीत. कुठूनही निघा, सातव्या वजाबाकीच्या आत याच स्टेशनात येऊन थांबता. कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत हे सांगितले.

त्यांनी संख्यांना नावे दिली तीही पाहण्यासारखी आहेत. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, हर्ष देणारी. ६१७४ च्या अंकांची बेरीज अठरा, आणि अठराने भागले तर ३४३ येतात, म्हणजे सातांचा घन. ही हर्षद. जपमाळेतली १०८ हीसुद्धा हर्षद, कारण बेरीज नऊ आणि नवबारे एकशे आठ. पुढे परदेशात या संख्यांना नायव्हेन नावाच्या गणितज्ञाच्या नावानेही ओळखू लागले. पण आपल्या मास्तरांनी दिलेल्या नावात जी गोडी आहे ती आडनावात कुठून येणार? आणखी एक जात आहे, तिला तर त्यांचेच नाव पडले. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८,२०९; ८८ आणि २०९ मिळून २९७. माझ्या पंगतीत शंभर-शंभर माणसे बसवली तर पंचेचाळीसच उरतात, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

आता यावर एक भारी आक्षेप आहे, आणि तो घेणारा माणूसही भारी आहे. रामानुजनला ज्यांनी केंब्रिजला नेले त्या हार्डींनी १९४० साली एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांनी कापरेकरांविषयी काही म्हटले नाही, परंतु असल्या अंकांच्या गमतींविषयी म्हटले. त्यांनी उदाहरण दिले ते असे : ८७१२ ही २१७८ ची चौपट, आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट, म्हणजे आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असलेल्या चार अंकी संख्या या दोनच. त्यांच्या मते हे वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या रकान्यात शोभेल. खऱ्या गणितज्ञाला त्यात काही नाही. का नाही? कारण यातून पुढे काही निघत नाही. आणि हा गुण संख्येचा कमी, तिच्या लिहिण्याचा जास्त.

हार्डींचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आपल्या हातांना दहा बोटे म्हणून आपण दहांनी मोजतो. कोंबड्याच्या दोन पायांना मिळून आठ बोटे. कोंबड्यांनी गणित केले असते तर ६१७४ ही संख्या त्यांनी १४०३६ अशी लिहिली असती. तिला अंकच पाच झाले; शेवटचे स्टेशन नाहीसे झाले. पण तितक्याच माणसांची पंगत कोंबड्यांनी मांडली असती तरी उरणारे तितकेच उरले असते. आमच्या जिल्ह्यातला तो उभा राहिलेला एक जण कोंबड्यांच्या पंगतीतही उभाच राहिला असता. याचा अर्थ काही गुण संख्येच्या हाडातले आहेत आणि काही तिच्या अंगावरच्या कपड्याचे आहेत. सासरी गेलेल्या मुलीचे नाव बदलते. तिचा स्वभाव बदलत नाही. तसेच हे.

तरीही मला हार्डींची मोजपट्टी पुरी पडत नाही. गुळाची गोडी गुळात असते की जिभेत? एकट्या गुळात नाही आणि एकट्या जिभेतही नाही. दोन्ही भेटतात तेव्हा ती असते. पण म्हणून ती खोटी ठरत नाही. ‘हर्षद’ हे नाव मला प्रामाणिक वाटते ते यासाठी. हर्ष देणारी म्हटले की घेणारा कोणी असायला हवा, हे त्या नावानेच कबूल करून टाकले आहे. दहा बोटांच्या प्राण्याला ती हर्ष देते. ‘मी विश्वाचे सत्य आहे’ असा तिचा दावाच नाही. आणि गंमत अशी की, ज्या १७२९ या टॅक्सीच्या आकड्याने हार्डी-रामानुजनची जोडी घरोघर पोहोचली, ती संख्याही हर्षद आहे. अंकांची बेरीज एकोणीस. १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. आणि ९१ म्हणजे १९ उलटे. रामानुजनने पाहिले ते तिच्या हाडातले होते, दोन घनांची बेरीज दोन तऱ्हांनी. कापरेकर गुरुजींनी पाहिले असते ते कपड्यातले. दोघांनाही आनंद झाला असता, आणि कोणाचा आनंद अधिक खरा होता याचा निवाडा मी करणार नाही.

आमची ११,७७,३४५ मात्र हर्षद नाही. अंकांची बेरीज अठ्ठावीस, आणि विषम संख्येला अठ्ठावीसने भाग जायचा नाही.

इथवर सारे निरुपद्रवी आहे. नाव द्या, जात ठरवा, संख्येला त्याचे सोयरसुतक नाही. वसमतच्या बाजारात हळदीची कांडी वेगळी करतात आणि गट्टू वेगळा. हळद तक्रार करीत नाही. पण माणसाची एक जुनी खोड आहे. तो नुसती वर्गवारी करून थांबत नाही, तिच्यात बरे-वाईट मिसळतो.

ग्रीकांनी संख्यांचे तीन वर्ग केले. संख्येचे स्वतःखेरीज जे भाजक, त्यांची बेरीज त्या संख्येइतकी आली तर ती परिपूर्ण. जास्त आली तर अधिक. कमी आली तर न्यून. सहा परिपूर्ण, कारण एक, दोन आणि तीन मिळून सहा. अठ्ठावीसही परिपूर्ण : १, २, ४, ७ आणि १४. बारा अधिक, कारण भाजकांची बेरीज सोळा होते. इथवर ठीक. पण सुमारे १९०० वर्षांपूर्वी निकोमाकस नावाचा ग्रंथकार होऊन गेला, त्याने या वर्गांना शील जोडले. परिपूर्ण संख्या म्हणजे सद्गुण. अधिक संख्या म्हणजे नको तितके अवयव असलेला विद्रूप प्राणी. न्यून संख्या म्हणजे एखादा अवयवच नसलेला. बिचारी आठ! तिच्या भाजकांची बेरीज सात आली एवढ्यावरून तिला पंगू ठरवले. या हिशेबाने तर प्रत्येक मूळ संख्या न्यून ठरते, कारण तिच्या पदरी एकाखेरीज काही नाही. आणि ९४५ पर्यंत येईतो एकही विषम संख्या ‘अधिक’ होत नाही. विषम म्हणून जन्माला येणे हाच जणू अपराध.

आता आमची संख्या. तिचे भाजक सोळा. स्वतःला सोडून उरलेल्या पंधरांची बेरीज ३,७४,९७५. म्हणजे एक तृतीयांशही नाही. हिंगोली जिल्हा न्यून. बाकी अंकांची बेरीज मात्र अठ्ठावीस, म्हणजे परिपूर्ण. कपडा परिपूर्ण आणि देह न्यून असे तिचे झाले आहे, आणि अशी घरे आमच्या भागात पुष्कळ आहेत.

मी हे हसत लिहितो आहे, पण ‘न्यून’ या शब्दाने मला एक दुसरा शब्द आठवतो. २००६-०७ साली केंद्र सरकारने मागास क्षेत्रांसाठी अनुदान निधीची योजना काढली. देशातल्या २५० जिल्ह्यांची यादी झाली, महाराष्ट्रातले १२ त्यात आले आणि हिंगोली त्या बारांत होती. पुढे ती योजना बंद झाली. यादीमुळे पैसा आला, त्यातून कामे झाली. त्याबद्दल कृतघ्न होण्याचे कारण नाही. यादी करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असेही मी म्हणत नाही. कुठे कमी आहे हे मोजल्यावाचून तिथे जास्त कसे देणार? पण शब्द कागदावर राहत नाही. तो वर्गात येतो. ‘आपला जिल्हा मागास आहे’ हे वाक्य आठवीतल्या मुलाच्या निबंधात मी वाचले, तेव्हा ते त्याने ‘आपल्या जिल्ह्यात हळद पिकते’ या वाक्याच्या शेजारी, त्याच शाईने, त्याच सहजतेने लिहिलेले होते. जणू हाही जमिनीचाच गुण. आठ या संख्येला निकोमाकसने पंगू म्हटल्याने तिचे काही बिघडले नाही; तिने ते ऐकलेच नाही. मूल ऐकते. संख्येची वर्गवारी आणि माणसाची वर्गवारी यांत मला फरक दिसतो तो एवढाच, पण तो लहान नाही.

आणि आता त्या उभ्या माणसाकडे परत येतो. समजा, कोणाच्याही पंगतीत न बसणारा तो एक जण आपण हळूच बाजूला काढला. संख्या झाली ११,७७,३४४. काय चमत्कार होतो पाहा. दोन, तीन, चार, सहा, सात, आठ, नऊ, सगळ्या पंगती बरोबर बसतात. भाजकच भाजक. त्यांची बेरीज होते २७,५५,३१२, म्हणजे संख्येच्या दुपटीहूनही जास्त. एक माणूस वगळला आणि जिल्हा ‘न्यून’चा ‘अधिक’ झाला! कारभाराच्या दृष्टीने किती सोयीचे! पत्रावळी वाया जात नाही, वाढपी गोंधळत नाही. जगातले कितीतरी नीटनेटके हिशेब अशा एकाला बाजूला काढूनच नीटनेटके झालेले असतात, असा माझा समज आहे. आम्ही कादंबरीकारही यातून सुटलेले नाही. ‘हजारो लोक जमले होते’ असे एका ओळीत लिहून आम्ही नायकाच्या मागे धावतो.

जनगणनेची खरी शोभा मला याच्या उलट वाटते. तिथे वगळणे नाही. प्रत्येकजण एक. चाळीस एकरांचा धनी एक आणि त्याच्या बांधावर झोळीत झोपलेले दोन महिन्यांचे लेकरूही एक. अर्धा नाही, दीड नाही. कोणत्याही राज्यघटनेतले सुंदर कलम इतक्या थोड्या शाईत लिहिलेले मी पाहिलेले नाही.

२०११ साली मी प्रगणक होतो. ९ फेब्रुवारी ते २८ फेब्रुवारी घरोघर जायचे, एकोणतीस प्रश्न विचारायचे. मोजणीचा क्षण ठरलेला होता : १ मार्चच्या रात्रीचे बारा. फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री अकराला जन्मलेले बाळ धरायचे, पहाटे दोनला जन्मलेले नाही. रात्री अकराला गेलेला म्हातारा वगळायचा, पहाटे दोनला गेलेला ठेवायचा. त्यासाठी मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत पुन्हा एक फेरी. १९४८ च्या कायद्याने ही माहिती गुप्त, म्हणून पुढच्या घराचे गाव मी सांगत नाही आणि नावही सांगत नाही.

वस्तीच्या टोकाचे घर होते. ओसरीवर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. मुलगा, सून आणि नातू ऊसतोडीला गेलेले. आमच्याकडूनही काही कुटुंबे दिवाळी आटोपली की कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नियम असा होता की, मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही तो जिथे असेल तिथे मोजला जाईल. नियम योग्यच होता. नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जायचा.

मी विचारले, “माय, घरात माणसं किती?”

“चार,” ती म्हणाली.

मी नियम समजावून सांगितला. तिने हातातली शेंग खाली ठेवली.

“मंग ते घरचे न्हाईत का, गुरुजी? चूल त्यायची, घर त्यायचं. मी त्यायच्या घरात ऱ्हाते, ते माह्या घरात न्हाई ऱ्हात.”

“तिकडं त्यांचं नाव लिहितील, माय. सुटायचं नाही.”

“तिकडं त्यायला नावानं कोण वळखतंय? तिकडं ते कोयता हायेत.”

ऊसतोडीच्या कामात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, हे वाचकांपैकी पुष्कळांना माहीत असेल. दोन माणसांची तिथे एक संख्या होते. मी नियमाप्रमाणे त्या घरात एकच माणूस लिहिले. माझ्याआधी नाही आणि माझ्यानंतर नाही, पण त्या क्षणी मला ‘एक’ हा आकडा लिहायला जड गेला. बाकीचे तिघे कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर, कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्याच्या बेरजेत गेले असतील. गेले असावेत अशी माझी आशा आहे. देशाच्या बेरजेत त्याने फरक पडत नाही. आमच्या ११,७७,३४५ मध्ये मात्र ती म्हातारी एकटी आहे, आणि तिच्या घरची तीन माणसे नाहीत.

तेव्हापासून ‘संख्येचा गुण’ म्हटले की माझ्या मनात दोन्ही गोष्टी येतात. ५ × १३ × ५९ × ३०७ हे सत्य आहे. त्यात कोणाच्या हो-नाहीला जागा नाही. पण हिंगोली जिल्हा म्हणजे ११,७७,३४५ हे त्याच जातीचे सत्य नाही. ते एका मध्यरात्रीचे, एका नियमाचे, आणि शेकडो मास्तरांच्या पेनांचे सत्य आहे. दुसरा नियम धरला असता, तर जिल्ह्याला वेगळे भाजक मिळाले असते, वेगळी जात मिळाली असती. कदाचित तो हर्षदही निघाला असता. माणसे तीच असती.

मोठ्या संख्येकडे पाहण्याची आणखी एक रीत आहे, आणि ती आमच्याच मातीतली आहे. हिंगोलीपासून जवळच नर्सी हे नामदेवांचे गाव. नामदेवांनी शतकोटी अभंगांची प्रतिज्ञा केली होती, आणि राहिलेली संख्या पुरी करण्याचे काम स्वप्नात तुकारामांकडे सोपवले, असे आपली परंपरा सांगते. शंभर कोटी! मिनिटाला एक अभंग म्हटला, झोप नाही, जेवण नाही, तरी १,९०० वर्षे लागतील. हा हिशेब नामदेवांना येत नव्हता असे मानण्याचे कारण नाही. शिंप्याला माप कळते. शतकोटी ही मोजण्यासाठी घेतलेली संख्याच नव्हे. न संपणाऱ्या गोष्टीचे ते नाव आहे. तिचे भाजक काढत कोणी बसले नाही.

आता पुन्हा मोजणी व्हायची आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०२५ साली निघालेल्या अधिसूचनेने पुढचा क्षण ठरवला आहे तो १ मार्च २०२७ चा. मध्यंतरी किती जन्मले, किती गेले, किती जण पुण्याला कामाला लागले आणि परत आले नाहीत! जुनी संख्या आता कोणाचीच नाही, आणि तरी अजून तीच छापली जाते.

मी ती माझ्या वर्गातल्या मुलांना खेळायला दिली. कापरेकरांचा आणखी एक खेळ आहे. कोणतीही संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची; जी संख्या येईल ती तिची लेक. मग उलटे विचारायचे, या लेकीची आई कोण? काही संख्यांना आईच नसते. वीस घ्या, कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून वीस येत नाहीत. अशा संख्यांना स्वयंभू म्हणतात. आमच्याकडच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाऊन आलेल्या प्रत्येक पोराला तो ठाऊक असतो.

११,७७,३४५ स्वयंभू आहे का? नाही. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने दहा मिनिटांत आई शोधून दिली : ११,७७,३२२; अंकांची बेरीज तेवीस, मिळवा, आले. मग सगळा वर्गच कुळाच्या मागे लागला. ११,७७,३२२ ची आई ११,७७,२८८. तिची आई ११,७७,२६२. तिची ११,७७,२४०. तिची ११,७७,२२०. इथे वाट फुटली, कारण या संख्येला आया दोन निघाल्या : ११,७७,२०१ आणि ११,७७,१९२. त्यांपैकी ११,७७,१९२ च्या मागे मुलांनी दोन दिवस घालवले, एकूण एक संख्या तपासली, आणि शेवटी फळ्यावर लिहिले की हिला आई नाही, ही स्वयंभू. मी तपासून पाहिले, बरोबर होते. दुसरी फांदी अजून चालूच आहे. शाळेला दिवाळीची सुटी लागली तेव्हा ती ११,७७,०५८ पर्यंत गेली होती, आणि फळा पुसू नये म्हणून त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत सूचना लिहून मुले घरी गेली आहेत.